गर्दीतले एक प्रथिन

मधुमेही माणूस आज घरबसल्या बोटाला सुई टोचून रक्तातील साखर मोजतो. या सोयीचे मूळ लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स या अमेरिकन संशोधकांनी १९६२ मध्ये मांडलेल्या कल्पनेत आहे. जिवंत सृष्टीतला एखादा जाणता रेणू घ्यायचा आणि त्याने जे ओळखले ते विजेच्या प्रवाहातून वाचायचे. जैवसंवेदक तो हाच. ‘संवेदक’ आणि ‘वेदना’ हे दोन्ही शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या एकाच धातूपासून आले आहेत, हे जाता जाता लक्षात घेण्याजोगे आहे.

साखर रक्तात विपुल असते, लिटरमागे सुमारे एक ग्रॅम. खरी कसोटी ट्रोपोनिनपाशी लागते. हृदयाच्या स्नायुतंतूंत असणारे हे प्रथिन स्नायू मरू लागला की रक्तात उतरते. छातीत कळ येऊन रुग्णालयात आलेल्या माणसाचा हृदयालेख कित्येकदा स्पष्ट काही सांगत नाही. तेव्हा मोठी भिस्त या प्रथिनावरच असते. पण ते असते किती? प्रचलित अशा एका चाचणीत ट्रोपोनिन-टीची मर्यादा लिटरमागे १४ नॅनोग्रॅम आहे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. तेवढ्याच रक्तद्रवात अल्ब्युमिन हे प्रथिन ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वजनाने जवळजवळ तीनशे कोटी पट!

या गर्दीतून नेमके एक प्रथिन पकडतात ती प्रतिपिंडे. कोलर व मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची रीत दाखविली आणि हे काम आवाक्यात आले. संवेदकाच्या पृष्ठावर बसविलेले एक प्रतिपिंड ट्रोपोनिनला धरून ठेवते. विकर जोडलेले दुसरे त्याला वरून बिलगते, आणि त्या विकराच्या क्रियेतून मोजता येईल असा प्रवाह उमटतो. मात्र अल्ब्युमिनही पृष्ठावर आगंतुकासारखे चिकटून बसते व खोटा संकेत देते. म्हणून रिकाम्या जागा आधीच एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाने भरून टाकतात. उपाय साधा, पण त्यावाचून सारे यंत्र व्यर्थ!

तरीही आकडा म्हणजे निदान नव्हे. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातही ट्रोपोनिन वाढलेले आढळते. उलट, कळ सुरू होऊन तासाभरातच रुग्ण आला, तर ते रक्तात पुरेसे उतरलेलेही नसते. अशा रुग्णाचे रक्त काही तासांत पुन्हा तपासावे लागते, आणि दोन आकड्यांत चढउतार किती, हे पाहिल्यावाचून त्याला घरी धाडीत नाहीत.