विहिरीच्या काठावर कोण होते?

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बालपणावर बोलायला सांगणे हे यजमानांचे धाडसच म्हटले पाहिजे. असा वक्ता सूरपारंब्यांच्या वडावर एकदा चढला की लवकर खाली उतरत नाही! मी आज फक्त विहिरीबद्दल बोलणार आहे.

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही पोरे मळ्यातल्या विहिरीवर पोहायला जात असू. तेथे आबा नावाचे एक वयस्क शेतकरी असत. नवशिक्या पोराच्या पाठीला ते पत्र्याचा हवाबंद डबा बांधत, कमरेला दोर लावत आणि बिनदिक्कत पाण्यात ढकलून देत. आठवड्याने डबा जाई, दोर तेवढा राही. आबांनी तो दोर केव्हा सोडला, हे मला पलीकडच्या पायरीला हात लागल्यावरच कळले.

‘आम्ही पडलो, झडलो, काय बिघडले?’ असे आमची पिढी मोठ्या अभिमानाने सांगते. पण मित्रहो, हे सांगायला जे उरले, तेच सांगत असतात. मी सहावीत असताना आमच्या वर्गातला एक मुलगा भरदुपारी एकटाच नदीच्या डोहावर गेला. तो परतला नाही. त्याच्या आईने पुढे कित्येक वर्षे नदीवर धुणे नेले नाही. त्या माउलीसमोर बालपणाचे गोडवे गाण्याची माझी आजही छाती होणार नाही.

नॉर्वेतील संशोधिका एलेन सँडसेटर यांनी २००७ साली मुलांच्या धोक्याच्या खेळांचे सहा प्रकार मांडले. उंची, वेग, धारदार अवजारे, आग-पाण्यासारख्या गोष्टींचे सान्निध्य, झटापट आणि मोठ्यांच्या नजरेआड भटकणे. ही यादी वाचताना मला आमच्या सुटीचे वेळापत्रक वाचल्यासारखे वाटले. भीतीची ओळख मुलाला अशा खेळांतूनच होते, असे हे अभ्यासक मानतात. आपल्या सोसायट्यांच्या आवारात मऊ रबरी फरशीवर घसरगुंडी असते, आणि तिच्याजवळही ‘हळू, पडशील!’ म्हणणारे कोणीतरी उभे असते. त्या मुलाची भीतीशी ओळख व्हायची कोठे?

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडून होणाऱ्या मृत्यूंच्या प्रतिबंधासाठी ठरवून दिला. जागतिक आरोग्य संघटना याबाबत दोन गोष्टी एकाच दमात सांगते. पाण्याभोवती कठडे घाला, आणि शाळकरी मुलांना पोहायला शिकवा. आपण सुशिक्षित पालकांनी यातली पहिली तेवढी ऐकली.

यात मीही आलोच. माझी कन्या दहा वर्षांची असताना गावी त्याच विहिरीच्या काठावर मला म्हणाली, “बाबा, उतरू का?” आबा तेव्हा हयात नव्हते, पण मी होतो, मला पोहता येत होते, दोरही रहाटाला होता. मी “नको” म्हणालो. कारण विचारले, तेव्हा पाणी गार आहे असे काहीतरी सांगितले. वैशाखात!

पुढे ती महाविद्यालयात गेली. मैत्रिणींबरोबरच्या एका सहलीहून परतल्यावर हसत हसत म्हणाली, “सगळ्या पाण्यात उतरल्या, मी काठावर बसून त्यांच्या चपला सांभाळल्या.” ती हसली खरी, मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिला घेऊन गावी गेलो. आबांच्या नातवाने विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आहे, ते योग्यच केले. जाळीचे दार त्याने उघडून दिले. वीस वर्षांच्या मुलीच्या पाठीला डबा बांधताना बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. डबा सहाव्या दिवशी सुटला. दोराचे दुसरे टोक माझ्या हातात होते. ते सोडायला मला अकरा दिवस लागले.