दोन कळपांमधलं अंतर

मी आयुष्यभर फौजेत नोकरी केली, पण आज युद्धाच्या गोष्टी सांगणार नाही. आज बोलायचं आहे मेंढ्यांबद्दल. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मी कॅप्टन होतो, लडाखमध्ये. आमच्या पोस्टवर खालून गाड्यांमधून जिवंत मेंढ्या-बकऱ्या यायच्या. फौजी भाषेत त्याला 'मीट ऑन हूफ' म्हणतात. कापायची वेळ येईपर्यंत त्या पोस्टमागच्या उतारावर चरायच्या. एका हिवाळ्यात भरलांचा कळप रोज खाली उतरू लागला. भरल म्हणजे मेंढी आणि बकरी यांच्या मधलं एक रानटी जनावर. आमच्या मेंढ्यांना टाकलेल्या चाऱ्यात ते तोंड घालायचे. जवानांना मोठी मौज वाटायची. मी अडवलं तर नाहीच, उलट फोटो काढून घरी पाठवला.

त्या फोटोची आठवण झाली निवृत्तीनंतर, अमेरिकेत. माझी मुलगी आयडाहो राज्यात बॉइसीला असते. डोंगरात फिरायला गेलो तर वाटेच्या तोंडाशी पाटी : रानमेंढ्यांजवळ पाळीव मेंढी किंवा बकरी दिसली तर ताबडतोब कळवा. मला वाटलं, यात कळवण्यासारखं काय आहे? मग चौकशी केली, वाचलं, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

तिथल्या रानमेंढीला बिगहॉर्न म्हणतात. नराची शिंगं गालाभोवती वळलेली, जाडजूड. आयडाहो, ओरेगन आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांच्या सीमेवर हेल्स कॅन्यन नावाची खोल दरी आहे. तिथून ही जनावरं १९४०च्या दशकात नाहीशी झाली होती. १९७१ पासून दुसरीकडून आणून ती पुन्हा सोडली गेली. कळप वाढले. आणि १९९५-९६च्या हिवाळ्यात न्यूमोनियाने सुमारे तीनशे मेली.

यातला एक मुख्य जंतू म्हणजे मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनी. पाळीव मेंढीच्या नाकात तो निवांत राहतो. ती खाते-पिते, धडधाकट दिसते. पण नाकाला नाक लागलं किंवा शिंक-खोकल्याचे थेंब उडाले की तो रानमेंढीकडे जातो. श्वासनळीत बारीक केसांसारखे तंतू असतात, घाण बाहेर लोटणारे. हा जंतू तेच निकामी करतो. थोडक्यात, आधी पहारेकरी मारतो. मग दुसरे जंतू आत शिरतात आणि फुप्फुसं भरतात.

बरं, एकदा मरतुक होऊन विषय संपत नाही. वाचलेल्या काही माद्या जंतू बाळगून राहतात. पुढची कित्येक वर्षं कोकरं जन्मतात, आणि दोन-तीन महिन्यांची होईतो खोकून मरतात. कळप दिसतो, पण वाढत नाही. रानातल्या कळपाला देता येईल अशी खात्रीची लस यावर नाही.

मग उपाय एकच उरतो : अंतर. हे मला लगेच कळलं, कारण दोन बाजूंमध्ये जागा मोकळी ठेवणं हा आमचा धंदाच होता. पण इथे सीमा नकाशावर आखून भागत नाही. कळपाचा नेहमीचा मुलूख ठरलेला असतो, पण नर भटकतात. विशेषतः माजाच्या दिवसांत, तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंतही. म्हणून तिथले अधिकारी दोन प्रश्न विचारतात : कळपाचा मुलूख कुठवर, आणि भटका नर चराऊ रानापर्यंत पोचण्याची शक्यता किती? या हिशेबावर पेएट राष्ट्रीय वनात २०१० साली पाळीव मेंढ्यांची चराई जवळपास ७० टक्क्यांनी कमी करायचा निर्णय झाला. मेंढपाळ कोर्टात गेले. २०१६ मध्ये अपील न्यायालयानेही निर्णय कायम ठेवला.

इथे थांबून मेंढपाळाकडेही बघू या. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आहेत, त्याला एक दिवस सांगतात की हे रान आता तुझं नाही. त्याची मेंढी आजारी नाही, त्याने गुन्हा केलेला नाही. आपल्याकडे वनखात्याने कुरण बंद केलं की धनगराचा वाडा कुठे वळायचा, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको. म्हणून मला ते मार्ग जास्त पटले, जिथे मेंढपाळाला दुसरं रान दिलं गेलं, किंवा मोबदला घेऊन त्याने स्वखुशीने परवाना सोडला.

जिथे चराई चालू राहते तिथे शिस्त लागते. रोज मोजणी. एक मेंढी कमी भरली तर शोध, सापडेपर्यंत. लंगडी, आजारी मेंढी डोंगरावर न्यायचीच नाही. रानमेंढा जवळ दिसला तर लगेच खबर. आणि सर्वांत कठीण गोष्ट : पाळीव कळपात मिसळलेला रानमेंढा अधिकारी बहुधा गोळी घालून मारतात, कारण तो परत गेला तर सगळा कळप घेऊन जाईल. वाचवायला निघालेल्या माणसाने बंदूक उचलायची, हे सोपं नाही. म्हणूनच ती वेळ येऊ न देणं महत्त्वाचं.

लडाखमध्ये तोच जंतू तेच करील असं मी म्हणत नाही. आपल्या पट्ट्यातले रोग वेगळे. मंगोलियात २०१६-१७ मध्ये पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या रोगाने हजारो सायगा हरणं मेली. पण पीपीआरवर लस आहे, आणि आपल्याकडे ती दिली जाते. चांगपा मेंढपाळाच्या कळपाला वेळेवर लस मिळाली, तर त्याचं घरही वाचतं आणि वरचं रानही. खालून जनावरं वर नेणाऱ्यांनी, फौजेनेसुद्धा, आधी तपासणी करावी, ती वेगळी बांधावीत आणि चारा उघड्यावर टाकू नये. यात खर्च फार नाही, लक्ष हवं.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी त्या उतारावर भरल कमी दिसले का? सांगता येत नाही. आम्ही मोजलेच नव्हते. शत्रूच्या हालचालींची नोंद तासातासाला ठेवणारे आम्ही, शेजाऱ्याची मोजदाद केली नाही.

तुम्ही डोंगरात जाल, रानटी आणि पाळीव जनावरं एकत्र चरताना दिसतील. दृश्य सुंदर असेल. फोटो जरूर काढा. पण तो आधी मेंढपाळाला दाखवा, मग जवळच्या वनचौकीवर.

जय हिंद.