रिपोर्टच्या तळाशी सापडलेला ठिपका
(ओहायोतील मराठी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

जेवणाआधी फुफ्फुसांवर बोलायला कोणी पाहुणा बोलावत नाही. तुमच्या कार्यकारिणीने ते धाडस केले, म्हणून आधी तिचे आभार.

मी रेडिऑलॉजिस्ट. छातीचे सीटी वाचणे हे माझे रोजचे काम. त्यातले बरेचसे सीटी फुफ्फुसांसाठी काढलेलेच नसतात. कोणी बर्फावर घसरून बरगडी दुखावून घेतलेली असते, कोणाला छातीत दुखते म्हणून रात्री इमर्जन्सीत आणलेले असते. बरगडी धड निघते, हृदयही ठीक असते, पण उजव्या फुफ्फुसात ५ मिलिमीटरचा ठिपका दिसतो. तो मला लिहावाच लागतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार अमेरिकेत दरवर्षी १५ लाखांहून अधिक लोकांच्या फुफ्फुसांत असे नोड्यूल सापडतात. त्यातल्या फारच थोड्यांना कॅन्सर असतो.

पूर्वी हा रिपोर्ट आधी डॉक्टर वाचत आणि मग तुम्हाला सांगत. एप्रिल २०२१ पासून फेडरल नियमामुळे तो तयार झाल्याझाल्या मायचार्टवर, म्हणजे तुमच्या ऑनलाइन वैद्यकीय खात्यावर, येऊन पडतो. मग रात्री साडेअकराला तुम्ही तो उघडता, गूगल करता, आणि बाराच्या सुमारास पुण्यातल्या डॉक्टर भाचीला व्हॉट्सॲपवर पाठवता. तिची ओपीडी सुरू व्हायची वेळ झालेली असते. ती घाईघाईत लिहिते, "मामा, पेट स्कॅन करून टाका."

भाचीचा मान राखून सांगतो, ही घाई करू नका. पेट स्कॅनमध्ये कुठल्या पेशी साखर जास्त खातात ते दिसते. ८ मिलिमीटरहून लहान ठिपक्यात त्यावरून काही ठरवणे अवघड असते. शिवाय साखर फक्त कॅन्सरच खातो असे नाही, जुना-नवा दाहही खातो. आणि इथेच आपण मराठी ओहायोकर जरा वेगळे पडतो. आपण टीबीच्या देशातून आलो. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण पाव भारतात आहेत. लहानपणी कधीतरी जंतू श्वासातून आत गेला, शरीराने त्याला कोंडून घातले, आजार झाल्याचे घरात कोणाला कळलेही नाही, पण फुफ्फुसात छोटा वण राहिला. त्यानंतर आपण येऊन राहिलो ते ओहायो नदीच्या खोऱ्यात. इथल्या मातीत, विशेषतः पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा साठते तिथे, हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असते. जुने कोठार पाडले, कोंबड्यांचे खुराडे साफ केले, की धुळीबरोबर ती श्वासात जाते. बहुतेकांना सर्दी-खोकल्यापलीकडे काही होत नाही, पण तीही वण ठेवून जाते. कधी प्लीहेतही चुन्याचे बारीक कण दिसतात, तेव्हा ठिपका बहुधा याच बुरशीचा वण आहे म्हणून माझा जीव भांड्यात पडतो. असा वण ताजा असेल तर पेटमध्ये कॅन्सरसारखाच चमकतो. मग बायोप्सी. सुई बाहेरून फुफ्फुसात घालायची, तर साधारण १५ टक्के लोकांत फुफ्फुसातून हवा गळते, आणि त्यातल्या काहींना छातीत नळी घालावी लागते. वण सापडल्याचे समाधान मानायला हा फार महागाचा रस्ता आहे.

मग करायचे काय? फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००५ मध्ये नियम घातले आणि २०१७ मध्ये ते सुधारले. मोठी माणसे, आधी कॅन्सर नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे नाहीत, वय ३५ च्या पुढे, अशांसाठी ते आहेत. एकच भरीव ठिपका ६ मिलिमीटरहून लहान, म्हणजे तुरीच्या दाण्यापेक्षा बारीक असेल आणि कॅन्सरचा धोका कमी असेल, तर पुन्हा सीटी काढायची गरज नाही. धूम्रपान वगैरेमुळे धोका जास्त असेल, तर वर्षाने एकदा काढायचा की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचे. ६ ते ८ मिलिमीटर असेल तर ६ ते १२ महिन्यांनी पहिला सीटी. ८ च्या वर गेला, तर तीन महिन्यांनी सीटी, किंवा पेट, किंवा बायोप्सी, यातले काय ते ठरवायचे. तिथे पेटला खरी जागा आहे.

लोक विचारतात, सहा महिने काय म्हणून थांबायचे, पुढच्याच आठवड्यात का नाही? कारण वाढ मोजता यायला हवी. ६ मिलिमीटरचा ठिपका साडेसात झाला तर व्यास दीडच मिलिमीटर वाढतो, पण आकारमान जवळजवळ दुप्पट होते. भरीव कॅन्सरला दुप्पट व्हायला साधारणपणे १०० ते ४०० दिवस लागतात. महिन्याभरात घाईने काढलेल्या सीटीवर माझ्या मोजमापातली चूक आणि खरी वाढ यांत फरक करता येत नाही. दोन वर्षांत भरीव ठिपका वाढला नाही, तर आम्ही त्याला सोडून देतो. धूसर काचेसारखा दिसणारा ठिपका वेगळा. तो संथ वाढतो, सिगारेट न ओढलेल्यांतही सापडतो, आणि ६ मिलिमीटर किंवा मोठा असेल तर त्यावर पाच वर्षे नजर ठेवावी लागते. "आमच्या घरात कोणी सुपारीच्या खांडालाही हात लावत नाही" हे वाक्य तिथे उपयोगाचे नाही.

पण मंडळी, या सगळ्याहून मोलाची गोष्ट तुमच्या कपाटात असू शकते. जुना सीटी. २०१६ मध्ये पुण्याला किंवा नागपूरला कशासाठी तरी काढलेला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. त्यात हाच भरीव ठिपका तेवढाच असेल, तर प्रकरण त्याच दिवशी मिटते. पेट नाही, सुई नाही, सहा महिने झोप उडणे नाही. रिपोर्टचा कागद पुरत नाही, मला चित्रे पाहायची असतात, म्हणून सीडी हवी.

आता सर्वांत जास्त घोटाळा होतो ती जागा. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या, जिन्यावर पडल्या, इमर्जन्सीत सीटी झाला. व्हिजिटर इन्शुरन्सने बिल भरले, हाड मोडले नाही म्हणून सगळे खूश. रिपोर्टच्या तळाशी ७ मिलिमीटरचा ठिपका आहे. इमर्जन्सीच्या डॉक्टरला त्या पुन्हा भेटणार नाहीत, इथे त्यांचा फॅमिली डॉक्टर नाही, आणि सहा महिन्यांनी सीटीची वेळ येईल तेव्हा त्या साताऱ्यात असतील. तिथे नवा सीटी निघतो, तुलनेला काही नाही, आणि कोणीतरी "आपल्याकडे टीबीच असतो" म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करतो. जंतूचा काही पुरावा नसताना नुसत्या ठिपक्यावर टीबीचे औषध देणे चूक आहे. वण असेल तर ते फुकट जाते, आणि कॅन्सर असेल तर ते सहा महिने हातचे जातात.

इथल्या रहिवाशांचेही यापेक्षा फार बरे नाही. रिपोर्ट ज्याने मागवला तो एक डॉक्टर, पुढे पाहायचा तो दुसरा, आणि प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने सांगितले असेल. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये कायदाच केला: इमेजिंगमध्ये काही महत्त्वाचे बिघाड दिसले, तर त्या केंद्राने २० दिवसांत रुग्णाला कळवायचे. मला हा कायदा पटतो, पण कायद्याचे पत्र आले म्हणून सीटीची तारीख कोणी ठरवून देत नाही.

म्हणून विनंती एवढीच. रिपोर्ट आला की शेवटपर्यंत वाचा. आकार किती, भरीव की धूसर, पुढचा सीटी कधी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. ती तारीख फोनवरच्या कॅलेंडरमध्ये टाका. पाठपुराव्याचा सीटी कमी क्ष-किरणांचा आणि कॉन्ट्रास्टशिवाय असू द्या, शक्य तर त्याच केंद्रात. आणि आई-बाबा परत निघतील तेव्हा लोणच्याच्या बरण्यांआधी त्यांच्या हँडबॅगेत सीडी ठेवा.