राखणीची बंदूक आणि रिकामी पुंगळी



भात निसवू लागले, की शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्याची झोप उडते. रानडुकरांचा कळप खाचरात शिरला, की खातो थोडे आणि तुडवतो फार. माळ्यावर राखणीला बसलेल्या माणसाजवळ बंदूक असते, परवानाही असतो, पण पट्ट्यात काडतुसे दोनच उरलेली असतात. दुकान शहरात. तिथवर एस.टी.ने जावे, तर दुकानदार म्हणतो, "माल आलेला नाही, पुढच्या महिन्यात या." डुकरे काही पुढच्या महिन्यापर्यंत थांबत नाहीत. मग कोणीतरी सुचवतो, "अरे, रिकाम्या पुंगळ्या पडल्यात ना घरात? त्याच भरू की!"

आज मला या सुचवण्याबद्दलच बोलायचे आहे. ते करू नका, एवढे सांगून मी थांबलो असतो. पण नुसते "नको" ऐकून आपल्याकडे कोण थांबतो? तेव्हा कारणे सांगतो.

काडतूस म्हणजे काय ते आधी पाहू. कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसलात, की तिसरे स्टेशन अंबरनाथ. तिथे १९५३ साली सरकारी आयुध कारखाना सुरू झाला. बंदुकीच्या गोळ्यांना लागणाऱ्या पितळी वाट्या या कारखान्यात होतात. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे हे पितळ. वाटी दाबून दाबून लांब करायची, मध्येच तापवून मऊ करायची, पुन्हा दाबायची, तेव्हा कुठे तिची पुंगळी होते. एवढा खटाटोप कशासाठी? बार उडाला, की आतला वायू पुंगळीला चारी बाजूंनी फुगवतो. ती नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे, म्हणजे तुमच्या तोंडाकडे येऊ देत नाही. दाब उतरला, की पुन्हा आकसते आणि सैल होऊन निघते. फुगणे आणि आकसणे या दोन्ही गोष्टी तिने एका क्षणात करायच्या असतात. प्रत्येक बाराला पितळ थोडे कडक होते आणि शेवटी काठाशी तडकते. आपल्या बारा बोअरच्या काडतुसाला तर पितळ फक्त बुडाशी, वरचा भाग पूर्वी कागदाचा असे, आता बहुधा प्लास्टिकचा. त्याची तोंडाची घडी एकदा उलगडली, की पहिल्यासारखी बसत नाही.

(बारा बोअर हे नाव कुठून आले, असे मुले शाळेत विचारतात. ज्या नळीत नेमकी बसेल अशा शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, ती बारा बोअरची नळी. गुरुजींनी फळ्यावर गणित घालायला हरकत नाही.)

काडतुसाच्या बुडावर के. एफ. ही अक्षरे दिसली, तर तो माल पुण्याजवळच्या खडकीचा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना १९६४ चा, म्हणजे चीनच्या युद्धानंतरचा. २०२१ साली आयुध कारखाने निरनिराळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले. खडकी आणि वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे, अंबरनाथ यंत्र इंडियाकडे. पण कंपनी कोणतीही असो, पहिले गिऱ्हाईक लष्कर, मग पोलीस. आपली रांग त्यांच्यामागे. तुटवडा पडतो तो असा. आणि तो फक्त आपल्याकडेच पडतो असेही नाही. २०२० आणि २०२१ साली अमेरिकेतल्या दुकानांतून काडतुसे दिसेनाशी झाली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर चढाई झाली आणि युरोपातल्या श्रीमंत देशांनाही तोफगोळे पुरेनात.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेत लोक घरी काडतुसे भरतात, मग आम्हीच का नाही? भरतात, खरे आहे. तिथे कायदा वेगळा आहे, आणि कारखान्याने छापलेले कोष्टक समोर ठेवून, तराजूवर तोलून हे काम होते. त्यांचे माप ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या निम्म्याहून थोडे जास्त. तेवढ्या फरकाचीही तिथे दखल घेतात. आपल्याकडे वाडीवर हे काम चमच्याने आणि अंदाजाने होणार. शिवाय दारू सगळी एक नसते. काळी दारू वेगळी, बिनधुराची वेगळी, आणि बिनधुरातही कितीतरी जाती. रंगावरून त्यांची ताकद कळत नाही. चुकीची पडली, तर नळी फुटते ती बहुतेक बुडाशी, जिथे तुमचा चेहरा असतो. आजोबांच्या वेळच्या जुन्या बंदुका तर आजच्या दारूचा जोर सोसतीलच असे नाही. आणि ती बुडातली टोपी! ठोका बसताच पेटावी म्हणूनच ती केलेली असते. ठोका बंदुकीच्या घोड्याचा आहे की तुमच्या हातोडीचा, हे तिला कळत नाही.

ज्यांच्याकडे तज्ज्ञ आहेत, भिंती आहेत, नियम आहेत, त्यांच्याकडेही अपघात होतात. भंडाऱ्याच्या आयुध कारखान्यात २४ जानेवारी २०२५ ला स्फोट होऊन माणसे दगावली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ साली रसायनांचे स्फोट झाले, तेव्हा दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. मग स्वयंपाकघराच्या पडवीत, चुलीपासून चार हातांवर, हा उद्योग कसा करावा?

कायद्याचेही ऐका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बाळगण्याचा परवाना वेगळा आणि बनवण्याचा वेगळा. तुमच्याकडे पहिला आहे, दुसरा नाही. विनापरवाना हत्यार किंवा दारूगोळा बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी सजा आहे. दोन काडतुसांपायी घरचा कर्ता माणूस सात वर्षे आत, हा हिशेब कोणत्या पिकाला परवडेल?

गंमत अशी, की याच कायद्याने पिकाच्या राखणीसाठी नाव घेतले आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी. ठासणीची बंदूक धन्यानेच भरायची असते. तिची दारू आणि केप परवान्यावर, दुकानातूनच घ्यायची. तिथेही एक चूक वारंवार होते. अंधारात गडबडीत, भरलेल्या नळीत पुन्हा भरले जाते. भरली, की गज घालून खोली पाहण्याची सवय ठेवा. पण ठासणी भरता येते म्हणून काडतूसही भरता येईल, असे मात्र समजू नका.

मग तुटवड्यात करायचे काय? पहिले म्हणजे आहेत ती जपा. आपल्या जिल्ह्याचा पाऊस काडतुसांचा वैरी आहे. कागदी काडतूस दमट हवेत फुगते आणि नळीत अडकते. घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर, मुलांच्या हाताला न लागेल असे कुलपात ठेवा. जुनी आधी वापरा. किती घेतली, किती उडवली, कोणत्या तारखेला, हे वहीत लिहा. रिकाम्या पुंगळ्या फेकू नका, हिशेब विचारला तर दाखवता येतात. पावसाळ्यापूर्वीच दुकानात मागणी नोंदवा. निवडणूक आली, की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते. ते दिवस धरून राखणीची दुसरी सोय आधी करून ठेवा.

दुसरी सोय म्हणजे काय? डबे, गोफण, शेकोटी, कुत्री, आणि सर्वांत मोठी म्हणजे पाळीपाळीने जागणारी माणसे. एकेकट्याच्या बारापेक्षा चार शेजाऱ्यांनी मिळून घातलेले कुंपण जास्त रात्री टिकते. मात्र कुंपणात घरची वीज सोडू नका. त्याने डुकराआधी माणूस मरतो. आणि हे गावठी बॉम्ब! पिठात दारू घालून डुकरासाठी ठेवतात, आणि गुरे, कुत्री, कधी पोरे त्याला बळी पडतात. असा बॉम्ब ठेवणाऱ्याला मी शेतकरी म्हणणार नाही.

बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचाही परवाना, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण रानडुकराला आहे, त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते. उभ्या पिकाचे नुकसान हे कारण कायद्याला मान्य आहे. म्हणून नुकसान झाले, की लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज त्याच वेळी द्या.

शिक्षक मित्रांनो, एक काम तुमच्याकडे. रानात सापडलेले काडतूस एखादा मुलगा खिशात घालून वर्गात आणतो. त्याला ओरडू नका. ओरडलात, तर पुढचा मुलगा ते लपवील. हातातून अलगद खाली ठेवायला सांगा, मुलांना बाहेर न्या आणि पोलिसांना बोलवा.

राहिले ते न उडालेले काडतूस. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर बंदूक लगेच उघडू नका. नळीचे तोंड मोकळ्या जागेकडे धरून पुरते एक मिनिट थांबा; कधी कधी बार उशिरा होतो. मग काडतूस काढून वेगळे ठेवा. ते विहिरीत टाकू नका, जाळू नका, आत काय आहे म्हणून फोडून तर मुळीच पाहू नका. ते कुठे जमा करायचे, हे परवाना देणाऱ्या कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात विचारा. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, अंबरनाथ या शहरांसाठी ते पोलीस आयुक्तांचे कार्यालय, आणि शहापूर-मुरबाडच्या गावांसाठी जिल्हाधिकाऱ्यांचे. जाताना परवान्याचे पुस्तक बरोबर न्या. मुदत पाच वर्षांची असते, ती कधी संपते तेही त्याच फेरीत पाहून घ्या.