करडईचा काटा, करडईचे तेल आणि आपली कातडी

(धर्मापुरी, जि. बीड येथील शेतकरी महिला मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी करडईच्या लागवडीवर बोलायला आले होते. पण मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारले, "मॅडम, चाळिशीतच कातडं लोंबायलंय. घरचं काही लावायला सांगता का?" मी पिकांची बाई, कातडीची डॉक्टर नव्हे. तरी प्रश्न करडईपाशी येऊन पोचतो, म्हणून आधी तोच घेते.

आपली बाही वर करा. दंडाची आतली बाजू पाहा आणि मग पंजाची मागची बाजू पाहा. दोन्ही कातड्यांचे वय एकच, तरी एक मऊ आणि ताठ, तर दुसरी सुरकुतलेली व डागाळलेली. हा फरक वयाचा नाही, उन्हाचा आहे.

कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन या प्रथिनांचे धागे असतात. कोलॅजनने बळकटी येते, इलॅस्टिनमुळे ताणलेली कातडी परत जागेवर जाते. उन्हातील अतिनील किरण या थरापर्यंत पोचतात आणि धागे तुटू लागतात. वयाप्रमाणे नवे धागे कमी तयार होतात, ते वेगळेच. विडी-सिगारेटनेही हीच हानी होते. तुटलेले इलॅस्टिन पूर्ववत जोडून देईल असे तेल, लेप किंवा पाला मला तरी ठाऊक नाही. तसे सांगून कोणी बाटली विकत असेल तर पैसे देऊ नका.

म्हणून पहिला उपाय झाकण्याचा. खुरपणीला जाताना साडीवर घरातल्या माणसाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालता, डोक्याला रुमाल बांधता, तो कोणत्याही मलमापेक्षा मोलाचा आहे. फक्त मान आणि पंजे उघडे राहतात, तेवढे सांभाळा. जमेल तेव्हा सकाळी 11 ते दुपारी 4 या वेळेतले काम सावलीतले ठेवा. मजुरीवर जाणारीला हे जमत नाही, याची मला कल्पना आहे.

आता तेल. करडईच्या तेलात साधारण 70 ते 75 टक्के लिनोलिक आम्ल असते. कातडीच्या वरच्या थरात ओलावा धरून ठेवणारे जे स्निग्ध पदार्थ असतात, त्यांच्या घडणीत हे आम्ल लागते. अंघोळीनंतर कातडी किंचित ओली असतानाच चार-सहा थेंब चोळावेत. कोरडेपणा कमी होतो, बारीक रेषा कमी दिसतात. सैल कातडी मात्र त्याने ताठ होत नाही. तेल ऊन अडवत नाही, त्यामुळे ते लावून उघड्या हाताने शेतात जाऊ नये. हे तेल लवकर खवट होते. थोडेच आणावे, गडद बाटलीत, सावलीत ठेवावे. टाचांच्या भेगांसाठी एक भाग मधमाशीचे मेण व चार भाग तेल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवावे, थंड झाल्यावर मलम घट्ट होते. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, अथवा मधुमेह असेल, तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. माझ्या मावशीने गोरे व्हायचे म्हणून दुकानातून विनाचिठ्ठी एक ट्यूब आणली. आठ दिवसांत चेहरा उजळला, म्हणून वर्षभर लावली. त्यात स्टिरॉइड होते. कातडी कागदासारखी पातळ झाली, गालावर लाल शिरा दिसू लागल्या आणि मलम बंद करताच आग होऊ लागली. अशी अनेक स्टिरॉइड मलमे केंद्र सरकारने 2018 मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले, तरी ती मिळतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असे नाव असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. आधीच लावत असाल तर डॉक्टरांना दाखवूनच बंद करा.

पोटात घ्यायचे म्हणाल, तर शरीराला कोलॅजन घडवण्यासाठी क जीवनसत्त्व आणि प्रथिने लागतात. बांधावरचा आवळा, पेरू, जेवणात डाळ, शेंगदाणे, अंडी. कोलॅजनच्या महागड्या पुड्यांचा थोडा फायदा काही चाचण्यांत दिसला आहे, पण पुष्कळ चाचण्या विकणाऱ्यांच्याच खर्चाने झाल्या. घरच्या बाईच्या ताटात डाळ शेवटी उरत नसेल, तर आधी तिकडे पाहा.

राहता राहिला करडईचा काटा. सोयाबीन व हरभऱ्यापुढे हे पीक मागे पडले, त्यात मजूर न मिळणे हेही एक कारण. परभणीच्या विद्यापीठाची 'परभणी कुसुम' काटेरी आहे. तिची काढणी पहाटे, हवेत ओलावा असताना करा, तेव्हा काटे कमी टोचतात. हाताला नुसते फडके न गुंडाळता जाड हातमोजे घाला. काटा नकोच असेल तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची 'नारी-6' ही बिनकाटेरी जात आहे. चला, आता पेरणीच्या अंतराकडे वळू.