झाकण सुटते कसे?

अध्यक्षीय भाषणात आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. आज तो बाजूला ठेवून एका किरकोळ वाटणाऱ्या वस्तूबद्दल बोलणार आहे : यानाची दिशा सांभाळणाऱ्या थ्रस्टरच्या तोंडावरचे झाकण. पाऊस, धूळ आणि उड्डाणातला वाऱ्याचा झोत यांपासून नोझल वाचवणे हे त्याचे काम, आणि म्हणून ते किती घट्ट बसते यातच आपण गुंतून पडतो. माझ्या मते त्याचा विचार उलट्या टोकाने व्हायला हवा. ते केव्हा सुटणार, सुटून कुठे जाणार आणि वाटेत काय आहे, हे आधी ठरावे. चिकटवायचे कसे, हे नंतर.

अमेरिकेच्या स्पेस शटलचे उदाहरण घ्या. त्यावर असे 44 थ्रस्टर होते आणि त्यांतले 16 नाकाच्या भागात, वैमानिकांच्या खिडक्यांच्या पुढे. प्रक्षेपणमंचावर यान उभे असताना पुढे उघडणारी नोझल थेट आभाळाकडे तोंड करून असत. आत साचलेले पाणी वर जाताना गोठले तर दाब मोजणारी बारीक नळी बंद होण्याची भीती. मग थ्रस्टर धडधाकट असूनही संगणक त्याला बाद ठरवणार. म्हणून तोंडावर कागद चिकटवत. पाणी अडवण्यापुरता तो ठीक होता, पण वेग बराच वाढल्यावर सुटला तर मागच्या खिडक्यांवर आदळण्याचा धोका होता. उष्णतारोधक फोमच्या एका तुकड्याने 2003 साली कोलंबिया हे शटल गमावल्यावर हलक्या वस्तूंकडे बघण्याची दृष्टीच बदलली. त्यानंतर टायव्हेक या कृत्रिम पदार्थाची झाकणे आली, ती ताशी सुमारे 270 किलोमीटरच्या आतच वाऱ्याने निघून जावीत अशा बेताने केलेली. हिशेब सरळ आहे. जमिनीलगत त्या वेगाला वाऱ्याचा गतिजन्य दाब साधारण साडेतीन किलोपास्कल भरतो; शटलच्या चढाईत तो पुढे तीस किलोपास्कलच्या वर जाई. वाऱ्याशी लढण्याऐवजी तो दुबळा असतानाच त्याच्याकडून काम करून घेतले. हे मला त्या आरेखनातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते.

यावर कोणी म्हणेल, मग झाकण हवेच कशाला? अपोलो यानाच्या सर्व्हिस मॉड्यूलवरचे 16 थ्रस्टर उघड्यावरच उडाले की! खरे आहे. पण त्याच अपोलोच्या कमांड मॉड्यूलला मात्र फायबरग्लास आणि कॉर्कचे आवरण होते, आणि त्यात आतल्या 12 थ्रस्टरसाठी झोताने फुटून उघडणारी तोंडे ठेवली होती. आणीबाणीत थ्रस्टर पेटवावे लागले तर आवरण आड येऊ नये, ही तरतूद. शिवाय ते आवरण आणीबाणीत कमांड मॉड्यूल ओढून नेणाऱ्या सुटका-मनोऱ्याबरोबरच निघून जाई, म्हणजे त्याच्या जाण्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नसे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सगळे यानच रॉकेटच्या टोकावरच्या उष्णताकवचात घाला, प्रश्न मिटला. उपग्रहांसाठी आपण तेच करतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते. पण 31 ऑगस्ट 2017 रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या पीएसएलव्ही-सी39 रॉकेटचे कवच सुटलेच नाही आणि आयआरएनएसएस-1एच उपग्रह आतच अडकून वाया गेला. प्रश्न मिटला नव्हता, फक्त मोठ्या झाकणाकडे सरकला होता. नको तेव्हा सुटण्याचे उदाहरण 14 मे 1973 चे. स्कायलॅब या अंतराळस्थानकाच्या अंगावरची उल्काढाल उड्डाणानंतर साधारण 63 सेकंदांनी उखडली, कारण तिच्याखालची हवा हिशेबाप्रमाणे बाहेर पडली नाही. आतल्या दाबाने कड उचलली आणि बाहेरच्या झोताने बाकीचे उरकले. थ्रस्टरच्या झाकणाखालीही हवा कोंडलेली असते. चढताना बाहेरचा दाब झपाट्याने उतरतो, आतला तितक्या लवकर उतरत नाही. त्या हवेला वाट ठेवली नाही, तर झाकण आपण ठरवलेल्या क्षणाची वाट पाहणार नाही.

खर्चाची तक्रारही येईल. काही ग्रॅमच्या वस्तूसाठी एवढ्या चाचण्या? पण वस्तूचे वजन आणि टकरीची ऊर्जा यांत गल्लत नको; ऊर्जा सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढते. गगनयानाची तयारी आपल्याकडे चालू आहे. अशा यानाच्या झाकणाची वातबोगद्यातली चाचणी ते सुटल्यावर थांबवू नये. वेगवान कॅमेऱ्याने त्याचा पुढचा मार्गही टिपावा, आणि तो खिडकीवरून किंवा उष्णतारोधक फरशांवरून जात असेल तर आरेखन परत पाठवावे.