शाळेत ससा आणण्यापूर्वी



घोटी परिसरात भाताच्या बांधावर सशाचे पिलू आढळले की मुलांस ते घरी वा शाळेत नेण्याचा मोह होतो. ते पिलू रानसशाचे असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये रानससा पकडणे निषिद्ध आहे. त्याची पिले उघड्या डोळ्यांनी व केसांसह जन्मतात. आई दिवसा दूर राहते व अंधार पडल्यावर दूध पाजावयास येते. एकटे दिसलेले पिलू पोरके नसते. ते जागच्या जागी राहू द्यावे, हे मुलांस समजावून सांगावे.

पाळीव ससा हा युरोपातील निराळ्या जातीपासून आलेला आहे. त्यासाठी आधी तयारी करावी. येथील पावसात जमिनीपासून उंच, कोरडा व हवेशीर पिंजरा हवा. स्वच्छ पाणी व वाळलेले गवत सदैव असावे. त्याचे दात आयुष्यभर वाढतात व गवत चघळून झिजतात. ससा ८ ते १० वर्षे जगतो. मुले मात्र त्याआधीच शाळा सोडून जातात. यास्तव दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत चारापाणी कोण करील, हे नावनिशीवार ठरल्यावाचून ससा आणू नये.